टीआयए : हात पाच मिनिटांत पूर्ववत झाला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यातच काम करते. अर्धांगवायूनंतर माणसाला पुन्हा उभं करायचं, भिंतीचा आधार सोडवायचा, चमचा धरायला शिकवायचं, हे माझं रोजचं काम. नवा पेशंट आला की घरच्यांना मी एक प्रश्न हमखास विचारते : याआधी असं थोडंफार काही झालं होतं का? आणि कितीतरी घरांतून उत्तर येतं, "हो, चार दिवसांपूर्वी जेवताना हातातून घास गळला होता, पण लगेच बरं वाटलं." "बोलताना जीभ जड झाली होती, जरा पडल्यावर ठीक झाली." उन्हातून आले होते, पित्त झालं असेल, मानेची शीर दबली असेल, रात्री झोप नव्हती. कारण घरात तयारच असतं आणि त्रास थांबलेला असतो, म्हणून विषय तिथेच संपतो.

हा धागा त्या चार दिवसांबद्दल आहे.

टीआयए म्हणजे ट्रान्झियंट इस्केमिक अटॅक. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि पुन्हा सुरू होतो. बहुतेक वेळा कारण असतं एखादी छोटी गुठळी. मानेतल्या कॅरोटिड रोहिणीत चरबीचा थर साचलेला असतो, तिथून ती सुटते. किंवा हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हृदयात तयार होऊन वर जाते. कधी मेंदूतल्याच बारीक वाहिन्या वर्षानुवर्षांच्या बीपी-शुगरने खराब झालेल्या असतात. शरीर आपणहून ती गुठळी विरघळवतं, रक्त वाहू लागतं, हात हलायला लागतो. बहुतेकांचा त्रास काही मिनिटांत, फार तर तासाभरात जातो. पण गुठळी गेली तरी ती जिथून आली ती जागा तशीच राहते.

जुन्या अभ्यासांत असं दिसलं होतं की टीआयए झालेल्या १०० जणांपैकी साधारण १० जणांना पुढच्या तीन महिन्यांत स्ट्रोक, म्हणजे अर्धांगवायूचा झटका, येतो, आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोन दिवसांतच येतात. म्हणून "सोमवारी ओपीडीत दाखवू" हे चालत नाही. याची दुसरी बाजू तितकीच खरी आहे. ऑक्सफर्डमध्ये टीआयए आणि किरकोळ स्ट्रोकच्या पेशंटना ताबडतोब तपासून त्याच दिवशी औषधं सुरू करून पाहिली, तेव्हा तीन महिन्यांतल्या स्ट्रोकचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं. एक्स्प्रेस नावाचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. औषधं तीच होती, साधी आणि स्वस्त. ती लवकर मिळाली, फरक एवढाच. मेंदूच्या आजारात इतक्या थोड्या खर्चात इतकं काही वाचवायची संधी फार कमी वेळा मिळते.

काय दिसलं तर संशय घ्यायचा? अचानक सुरुवात, हे पहिलं. मग तोंड एका बाजूला वाकडं होणं, एका बाजूच्या हाताचं किंवा पायाचं बळ जाणं किंवा तो बधीर होणं, बोलणं बोबडं होणं, शब्द न सुचणं, समोरच्याचं न कळणं. एका डोळ्यापुढे वरून पडदा उतरल्यासारखा अंधार. दोन-दोन दिसणं, किंवा एकाएकी तोल जाऊन चालता न येणं. घरच्या घरी बघायचं तर हसायला सांगा, दोन्ही हात समोर धरून दहापर्यंत मोजायला सांगा, एक सरळ वाक्य म्हणायला लावा. एकही गोष्ट बिघडलेली दिसली तर १०८ला फोन. आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत झालं तरी जायचंच.

त्रास सुरू असताना तो टीआयए आहे की पूर्ण स्ट्रोक, हे जगातला कुठलाही डॉक्टर नुसतं बघून सांगू शकत नाही. थांबेल का म्हणून वाट बघण्यात गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून जाते. ती साधारण साडेचार तासांची असते, आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं.

तुमचे प्रश्न, अनुभव लिहा. औषधांबद्दल इथले डॉक्टर सांगतीलच.

हेमांगी_स

ताई, फार गरजेचा धागा. माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या नेहमीच्या किराणा दुकानात उभ्या होत्या. वेलदोडे हवे होते आणि तोंडातून "खुर्ची द्या, पाव किलो खुर्ची" असं येत होतं. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं, त्या चिडून बरणीकडे बोट दाखवत होत्या आणि पुन्हा खुर्चीच म्हणत होत्या. हात-पाय ठणठणीत, तोंड सरळ. दुकानदार वर्षानुवर्षांचा ओळखीचा, त्याने त्यांना आत बसवलं आणि मला फोन केला. मी पोचले तोवर त्या व्यवस्थित बोलत होत्या आणि घरी जाऊ म्हणत होत्या.

आम्ही थेट दवाखान्यात गेलो. तिथल्या कॅज्युअल्टीत एका तरुण डॉक्टरने बीपी बघितलं, ईसीजी काढला आणि अशक्तपणा आहे, घरी न्या म्हणून सांगितलं. मी अडून बसले, न्यूरोच्या डॉक्टरांना बोलवाच म्हटलं. ते आले, एमआरआय झाला. त्यात डाव्या बाजूला छोटा ताजा ठिपका होता. म्हणजे बोलणं पूर्ण परत आलं होतं आणि तरीही मेंदूत इजा झालेली होती. हे कसं काय?

न्यूरॉन

मी न्यूरॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे मी लिहितो ते सर्वसाधारण समजा, आपल्या डॉक्टरांचा सल्ला वेगळा असेल तर त्याला कारण असू शकतं.

हेमांगीताई, तुम्ही अडून बसलात ते उत्तम केलंत. पूर्वी २४ तासांच्या आत लक्षणं गेली की टीआयए आणि त्याहून जास्त टिकली की स्ट्रोक, असा घड्याळाचा हिशेब होता. एमआरआयमधली डिफ्यूजन नावाची तपासणी आली आणि दिसू लागलं की लक्षणं गेलेल्या साधारण एक तृतीयांश पेशंटमध्ये ताजी इजा असते. म्हणून २००९ साली अमेरिकेतल्या हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनने व्याख्या बदलली. इजा दिसली तर तो छोटा स्ट्रोक, नाही दिसली तर टीआयए. पेशंटच्या दृष्टीने दोन्हींची घाई सारखीच. आणि उलट बाजूही लक्षात घ्या : एमआरआय स्वच्छ आला म्हणजे काही झालंच नव्हतं, असं नाही. निदान मुख्यतः हकिगतीवरून होतं. त्यामुळे ज्याने प्रसंग डोळ्यांनी पाहिला त्या माणसाला सोबत न्या. तुमच्या बाबतीत तो दुकानदार हा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार होता.

नुसत्या सीटी स्कॅनवर समाधान मानू नका. सीटी रक्तस्राव आहे का ते पटकन सांगतो, टीआयएमध्ये तो बहुधा नॉर्मलच येतो. त्याच्या जोडीला मानेच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओ किंवा निदान मानेचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), ईसीजी, ठोके बघायला हॉल्टर, टूडी इको, शुगर, कोलेस्टेरॉल. गुठळी कुठून आली हे शोधणं म्हणजेच निम्मा उपचार.

दूरदेशी

आई-बाबा सहकारनगरला दोघंच असतात, मी अमेरिकेत. बाबा ७६, बीपी आणि शुगर दोन्ही. हे वाचून पोटात गोळा आला. असं काही झालं आणि आईने मला फोन केला तर इथून मी काय सांगायचं? बाबांकडे ॲस्पिरिन असते. ती लगेच द्यायला सांगू का?

न्यूरॉन

लक्षणं चालू असताना तोंडाने काहीही द्यायचं नाही. ना ॲस्पिरिन, ना पाणी, ना साखर-पाणी. दोन कारणं. एक, तोच त्रास मेंदूतल्या रक्तस्रावानेही होतो आणि तिथे ॲस्पिरिन घातक. दोन, गिळण्याचे स्नायू लुळे पडलेले असतील तर पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. लक्षणं पूर्ण गेल्यावर डॉक्टर तपासून ॲस्पिरिन देतात, आणि लवकर देतात, पण तो निर्णय त्यांना घेऊ द्या.

बाबांना शुगर आहे म्हणून एक महत्त्वाचं. घरात ग्लुकोमीटर असेल तर लगेच शुगर बघायला सांगा. इन्शुलिन किंवा काही गोळ्यांनी शुगर फार खाली गेली की हुबेहूब अर्धांगवायूसारखं चित्र दिसू शकतं. ७०च्या खाली असेल आणि ते पूर्ण शुद्धीत असून नीट गिळत असतील तरच साखर द्यायची, आणि तरीही दवाखान्यात जायचंच.

पाऊलवाट

दूरदेशी, आईंच्या हातात सोपं काहीतरी द्या. फ्रिजवर एक कागद चिकटवा : १०८, शेजाऱ्यांचा नंबर, सोसायटीच्या वॉचमनचा नंबर, बाबांच्या गोळ्यांची नावं, जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्रीही सीटी-एमआरआय आणि न्यूरोचे डॉक्टर मिळतात त्याचं नाव. हे शेवटचं आजच चौकशी करून ठेवायचं असतं, त्या रात्री नाही. गणपतीत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हा नदीच्या कुठल्या बाजूच्या दवाखान्यात जायचं तेही ठरवून ठेवा.

आणि आईंना एक वेळ लक्षात ठेवायला सांगा. त्रास "कधी दिसला" ही नाही, बाबा "शेवटचे चांगले कधी होते" ही. सकाळी उठल्यावर हात लुळा दिसला तर ती वेळ रात्री झोपतानाची धरतात. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

काय करू नये तेही कागदावर लिहा. व्हॉट्सॲपवर सुईने बोटं टोचून रक्त काढायचा एक संदेश फिरत असतो. त्याने काहीही होत नाही, वेळ जातो. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली डेपिन फोडायची, छातीत धडधडतंय म्हणून सॉर्बिट्रेट ठेवायची, हेही नाही. मेंदूचा रक्तपुरवठा अडलेला असताना शरीर मुद्दाम बीपी वर नेतं, ते एकदम खाली पाडलं तर वाचण्यासारखा भागही जातो.

शलाका७

वय ३८, मला मायग्रेन आहे. कधीकधी डोकं दुखायच्या आधी डोळ्यासमोर नागमोडी चमकत्या रेघा येतात, त्या हळूहळू पसरतात, मग बोटांना मुंग्या येऊन त्या कोपरापर्यंत चढतात. अर्ध्या तासात जातं. दर वेळी धावायचं का?

न्यूरॉन

तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की निम्मं उत्तर त्यातच आहे. मायग्रेनमध्ये काहीतरी जास्तीचं दिसतं, चमकतं, मुंग्या येतात, आणि ते मिनिटामिनिटाने पसरत जातं. टीआयएमध्ये काहीतरी जातं : दृष्टी जाते, ताकद जाते, शब्द जातो. आणि ते एका झटक्यात, सगळ्या हातात एकदम. नेहमीच्याच पद्धतीचा झटका असेल तर धावायची गरज नाही. पण पहिल्यांदाच होत असेल, पद्धत बदलली असेल, हाताची ताकद गेली असेल, तर मायग्रेन आहेच म्हणून घरी बसू नका. चमकत्या रेघांचं मायग्रेन असलेल्या बाईने सिगारेट ओढणं आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणं टाळावं, यात स्ट्रोकचा धोका खरोखर वाढतो. गायनॅकना मायग्रेनबद्दल जरूर सांगा.

चक्करबद्दलही लोक विचारतात म्हणून लिहून ठेवतो. अंथरुणात कूस बदलली की खोली गरगर फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, ती बहुतेक कानातल्या खड्यांची. चक्करसोबत बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, गिळायला त्रास किंवा उभंच राहता न येणं असेल तर तो मेंदूच्या मागच्या भागाचा मामला, तिथे घाई करा.

तळजाई

आमच्या टेकडीच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांना चढताना उजव्या डोळ्यापुढे काळोखी आली. राखाडी पडदा वरून खाली आला म्हणाले, दोन-तीन मिनिटांत वर गेला. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासला आणि चष्मा न देता लगेच मानेचा डॉपलर करायला पाठवलं. उजव्या कॅरोटिडमध्ये मोठा अडथळा निघाला. डोळ्याचा आणि मानेचा असा संबंध असतो हे आम्हां कुणाला माहीत नव्हतं.

न्यूरॉन

डोळ्याला रक्त पुरवणारी रोहिणी त्याच बाजूच्या कॅरोटिडमधून निघते. एका डोळ्याची अशी तात्पुरती अंधारी ही टीआयएच समजायची. त्या डॉक्टरांना मनापासून दाद.

तळजाई

त्यांना ऑपरेशन सांगितलंय. वय ७१. घरचे म्हणतात आधी गोळ्यांनी बघू, मानेचं ऑपरेशन नको. स्टेंट घालता येणार नाही का, असंही विचारत आहेत.

न्यूरॉन

हा प्रश्न फार नीट अभ्यासला गेला आहे. १९९१ साली नॅसेट नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. ज्यांच्या मानेत ७० ते ९९ टक्के अडथळा होता आणि त्याच बाजूची लक्षणं येऊन गेली होती, त्यांच्यात नुसत्या औषधांवर दोन वर्षांत त्या बाजूचा स्ट्रोक २६ टक्क्यांना आला, ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्क्यांना. आजची औषधं तेव्हापेक्षा चांगली आहेत, म्हणून दरी थोडी कमी झाली असेल, पण लक्षणं देऊन गेलेला मोठा अडथळा आजही साफ करावा असंच आम्ही सांगतो. आणि तो दोन आठवड्यांच्या आत. तीन महिने गोळ्यांवर काढून मग ऑपरेशन करायचं तर धोक्याचा काळ आधीच उलटून गेलेला असतो आणि फायदा पुष्कळ घटतो. सत्तरीच्या पुढे सहसा स्टेंटपेक्षा ऑपरेशन सुरक्षित ठरतं. रोहिणी शंभर टक्के बंद झाली असेल तर मात्र ऑपरेशन करत नाहीत.

मानेतला अडथळा आणि कवटीच्या आतला अडथळा यांत गल्लत करू नका. आपल्याकडे, एकूण आशियाई लोकांत, आतल्या वाहिन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आहे. तिथे स्टेंट घालण्याचा प्रयोग २०११च्या सॅम्प्रिस अभ्यासात झाला. पहिल्या ३० दिवसांत स्टेंटच्या गटात स्ट्रोक किंवा मृत्यू १४.७ टक्के, औषधांच्या गटात ५.८ टक्के. म्हणून आतल्या अडथळ्याला आधी गोळ्या, बीपी, कोलेस्टेरॉल. शेजारच्यांना स्टेंट घातला म्हणून आपल्यालाही घाला, असा आग्रह धरू नका.

मेडिकलवाला

माझं औषधांचं दुकान आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली गोळी लोक वर्षानुवर्षं नेतात. प्रिस्क्रिप्शन जुनं, कडा फाटलेली, वरची तारीखही वाचता येत नाही. विचारलं तर म्हणतात, "रक्त पातळ करायची आहे, चालू ठेवायला सांगितलीय." ही कायमची घ्यायची असते का?

न्यूरॉन

फार मोलाचा प्रश्न. टीआयएनंतर दोन्ही गोळ्या एकत्र द्यायच्या त्या बहुधा २१ दिवस, मग त्यातली एकच पुढे चालू. चीनमध्ये ५१७० पेशंटवर झालेल्या २०१३च्या चान्स अभ्यासात लक्षणांनंतर २४ तासांत दोन्ही सुरू केल्यावर तीन महिन्यांतला स्ट्रोक ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर आला. २०१८ साली पॉइंट नावाच्या अभ्यासात तसाच फायदा दिसला, पण तिथे दोन्ही गोळ्या ९० दिवस चालवल्या होत्या आणि मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. फायदा सगळा सुरुवातीला असतो, रक्तस्रावाचा धोका मात्र रोज थोडा थोडा साचत जातो. म्हणून तीन आठवडे.

अपवाद आहेत. हृदयात नवा स्टेंट असेल किंवा मेंदूतली मोठी वाहिनी फार अरुंद असेल तर दोन्ही जास्त काळ लागतात. तेव्हा हे वाचून कुणी आपणहून गोळी बंद करू नका. प्रिस्क्रिप्शन घेऊन जा आणि एकच विचारा : दुसरी गोळी कधी बंद करायची? तारीख लिहून घ्या. काळी शी झाली, लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नका, या गोळ्यांसोबत त्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मेडिकलवाला

धन्यवाद डॉक्टर. उद्यापासून असं प्रिस्क्रिप्शन आलं की हा प्रश्न चिठ्ठीवर लिहून देईन.

हेमांगी_स

सासूबाईंच्या हॉल्टरमध्ये ठोके अनियमित आले. एट्रियल फिब्रिलेशन म्हणाले आणि ॲस्पिरिन बंद करून अपिक्साबॅन सुरू केली. शेजारच्या काकूंना त्याच आजारात ॲसिट्रॉम (रक्त पातळ करायची जुनी गोळी) आहे आणि दर महिन्याला रक्त तपासावं लागतं. दोघींना वेगळं का?

न्यूरॉन

हृदयातून येणारी गुठळी वेगळ्या प्रकारची असते, तिला ॲस्पिरिन पुरत नाही. म्हणून अपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान, रिवरोक्साबॅन यांपैकी एक. यांना महिन्याची रक्ततपासणी लागत नाही, फक्त किडनीचं काम अधूनमधून बघायचं. पण एक डोस चुकला तरी परिणाम लवकर ओसरतो, तेव्हा वेळ सांभाळा.

काकूंना बहुधा लहानपणच्या संधिवाती तापाने झडप अरुंद झालेली असेल. आपल्याकडे हे अजून बरंच दिसतं. तिथे जुनी औषधंच सरस, २०२२च्या इन्व्हिक्टस अभ्यासाने ते पक्कं केलं. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचा. त्यासाठी मेथी-पालक सोडायची गरज नाही, रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. एक आठवडा भाजीच नाही आणि पुढचा आठवडा रोज पालक, हे नको.

सदाशिवपेठी

डॉक्टरसाहेब, टीआयएनंतर बीपी आणि कोलेस्टेरॉल किती हवं ते एकदा आकड्यांत लिहा. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात वाचून दाखवतो. ॲलोपथीच्या गोळ्या सोडून लसणाच्या पाकळ्या आणि काढा घेणारे बरेच आहेत.

न्यूरॉन

बीपी १३०/८०च्या खाली, सावकाश आणलेलं, उभं राहिल्यावर चक्कर येणार नाही असं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७०च्या खाली. टीआयएचं कारण चरबीचा थर असेल तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) कायमचं, आकडा खाली आला म्हणून बंद करायचं नाही, तो गोळीमुळेच खाली आलेला असतो. शुगरचं लक्ष्य वयाप्रमाणे. सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. लसूण जेवणात खुशाल खा, गोळीच्या जागी नाही. काढ्यांबद्दल एकच : कुठला घेता ते डॉक्टरांना सांगा. ज्येष्ठमधाने बीपी वाढतं, आणि ते पुष्कळ काढ्यांत असतं.

बिबवेवाडी_एक्सप्रेस

मला टीआयए झाला होता, वय ५२. औषधं चालू आहेत, रिपोर्ट चांगले. तरी आत भीती बसलीय. अंघोळीला दाराची कडी लावत नाही. हाताला मुंगी आली की बायकोला हसून दाखवतो आणि हात वर करून दाखवतो. ती बिचारी रात्री उठून माझा श्वास बघते. स्कूटर चालवावी का हेही कळत नाही.

पाऊलवाट

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अशी भीती मी खूप जणांत बघते. लवकर थकवा येणं, लक्ष न लागणं हेही महिनोन्‌महिने राहू शकतं. त्यात काही लपवण्यासारखं नाही. डॉक्टरांना सांगा, उदासी आणि चिंतेवर उपचार आहेत. पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे असतात आणि ते तुम्ही औषधांसह पार केले आहेत, हे वहिनींनाही सांगा. चालायला लागा, आधी सपाटीवर, बागेत, दोघं मिळून. मग वेळ वाढवा. शरीरावरचा विश्वास चालण्यानेच परत येतो, हे मी रोज बघते.

गाडीचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये टीआयएनंतर महिनाभर गाडी चालवायला बंदी आहे. तो पाया धरा. पुण्याच्या रहदारीत दुचाकीवर हात अचानक लुळा पडला तर तुमच्यासोबत दुसऱ्याचाही जीव जाईल. महिन्यानंतर डॉक्टरांना विचारून सुरू करा.

कोथरूडकर_काका

धागा आत्ता वाचला. परवा संध्याकाळी धाकट्या भावाचा डावा हात दहा मिनिटं लुळा पडला होता. चहाचा कप सुटला, बशी फुटली. नंतर काहीच नाही, काल ऑफिसलाही जाऊन आला. वय ५८, सिगारेट आहे, बीपीची गोळी मनाला येईल तशी. आता दोन दिवस होऊन गेलेत. अजून जाण्यात अर्थ आहे का?

न्यूरॉन

आहे. आत्ता जा, सकाळची वाट बघू नका. गेल्या आठवड्याभरात असं झालं असेल तर तज्ज्ञाने २४ तासांत तपासायला हवं. गाडी त्यांना चालवू देऊ नका. तुम्ही सोबत जा, बशी फुटली तो प्रसंग तुम्ही सांगा.

पाऊलवाट

काका, पोचलात की कळवा. पैशांची अडचण असेल तर ससूनला जा. दुसरीकडे जात असाल तर महात्मा जोतीराव फुले योजनेत तो दवाखाना आहे का ते आधी विचारा.

कोथरूडकर_काका

रात्रीच गेलो. ॲडमिट करून घेतलं. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला दोन बारीक ठिपके, उजव्या कॅरोटिडमध्ये ८० टक्के अडथळा. गोळ्या सुरू झाल्या. सर्जन येत्या आठवड्यात ऑपरेशन करू म्हणतात. भाऊ तयार आहे, त्याच्या मुलीने सिगारेटचं पाकीट त्याच्यासमोर कचऱ्यात टाकलं. ऑपरेशननंतर आम्ही काय बघायचं?

न्यूरॉन

मानेतला अडथळा कळला आणि तोही वेळेत, हे चांगलं झालं. ॲस्पिरिन ऑपरेशनच्या दिवशीही सहसा चालूच ठेवतात, दुसऱ्या गोळीचं सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील, दोघांना सगळ्या गोळ्यांची यादी द्या. नंतर आवाज थोडा घोगरा होणं, जबड्याखाली आणि कानाच्या पाळीजवळ बधिरपणा येणं, हे बहुतेकांत काही आठवड्यांत कमी होतं. मानेला वाढती सूज आणि श्वासाला त्रास असेल तर नर्सला त्याच क्षणी हाक मारा. घरी आल्यावर पहिले दोन-तीन आठवडे बीपी दिवसातून दोनदा मोजून वहीत लिहा. अडलेला रक्तपुरवठा एकदम खुला झालेला असतो, त्यात बीपी वाढलं तर ऑपरेशनच्या बाजूला जोरात डोकं दुखतं, फिट येऊ शकते, रक्तस्रावही होऊ शकतो. तसं डोकं दुखलं तर क्रोसिन देऊन वाट बघू नका, तडक परत दवाखान्यात जा.